परिचारिका व्हायचे आहे?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की दोनचार मुली आपल्या आईला किंवा वडिलांना बरोबर घेऊन माझ्या घरी येतात. मी भोपाळच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकविते. माझे माहेर वसईकडचे. तेथे आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून मुलीने परिचारिका होणे ही जुनी रीत आहे. एक आत्या, एक मावशी, दोन चुलत बहिणी आणि आता एक भाची, अशा पाचजणी आमच्या घरातून या व्यवसायात शिरल्या. ही गोष्ट येथल्या मराठी कुटुंबांत कशी कोण जाणे, पण सर्वांना ठाऊक झाली आहे.

वडील म्हणतात, "बाई, हिला नर्सिंगला घालावे असा विचार आहे. मुलगी फार मायाळू आहे." मुलगी मान खाली घालून बसलेली असते. मी तिला विचारते, "तुला त्रैराशिक न चुकता सोडविता येते का?" तेव्हा वडिलांची मुद्रा अशी होते, की बाईंना आपले बोलणे नीट ऐकू आलेले दिसत नाही.

आज मी या मुलींशीच बोलणार आहे. इतरांनी ऐकले तरी हरकत नाही. आईवडिलांनी तर अवश्य ऐकावे.

त्रैराशिकाचे कारण प्रथम सांगते. डॉक्टर लिहून जातात, की पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यावयाचे. मिनिटाला किती थेंब सोडावयाचे, हे परिचारिकेने ठरवावयाचे असते. नळीच्या ज्या संचातून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडतात, त्याला मिनिटाला बेचाळीस थेंब हे उत्तर येते. परंतु लहान मुलांसाठी वापरतात तो बारीक थेंबांचा संच हाती आला, तर त्याच्या एका मिलिलिटरचे साठ थेंब होतात आणि उत्तर एकशे पंचवीस येते. संच बदलला आणि थेंब तेच ठेवले, तर चार तासांची बाटली बारा तास चालेल. रुग्ण अतिसाराने सुकलेला असेल, तर तेवढ्या वेळात काय होईल, ते सांगावयास नको.

दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेले आणि १०० एकके असलेले, असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन मिळते, आणि प्रत्येकाची सिरिंज निराळी असते. चाळिसाच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभराच्या सिरिंजचे नारिंगी. कुपी शंभराची आणि सिरिंज चाळिसाची घेतली, आणि वीस एककांच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाच्या अंगात वीस नव्हे, पन्नास एकके जातात. औषध बरोबर, रुग्ण बरोबर, वेळ बरोबर, हात प्रेमळ. आणि तरीही माणूस बेशुद्ध पडेल. पोटॅशियम क्लोराइडची कुपी दिसावयास इतर कुप्यांसारखीच पाणीदार असते. सलाइनमध्ये योग्य प्रमाणात मिसळून, सावकाश दिली तर ती उपकारक आहे. तशीच सरळ शिरेत टोचली तर हृदय थांबते.

माया घरून आणता येते. हे सारे शिकावे लागते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की गणित आणि रसायन यांना कंटाळून नर्सिंगकडे वळू नका. डॉक्टरकीला गुण कमी पडले म्हणून वळलात तर हरकत नाही. पुष्कळ उत्तम परिचारिका याच वाटेने आल्या आहेत. परंतु 'यात अभ्यास कमी असतो' हे ज्याने सांगितले असेल, त्याने तुम्हांला फसविले आहे.

आता शाळा निवडण्याविषयी. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग, असे हे अभ्यासक्रम आहेत. ज्या मुलीला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे विषय आहेत आणि घरची ओढगस्त फार नाही, तिने बी.एस्सी.च करावे, पुढे पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन, परदेशी नोकरी यांची दारे त्यायोगे सुलभ होतात. परंतु अभ्यासक्रमापेक्षा संस्था महत्त्वाची, आणि हे मी भोपाळमध्ये राहून बोलत आहे, हे ध्यानात घ्या. आमच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी १६९ तेवढी योग्य ठरली. पुढे मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काहीजण लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले, आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या काळात हजारो मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. माझी एक विद्यार्थिनी त्यांत सापडली. वडिलांनी शेताचा तुकडा विकून शुल्क भरले होते. दोन वर्षे ती गणवेश घालून जात होती, पण तिने रुग्ण असा पाहिलाच नाही. रुग्णालयाच्या नावाची पाटी तेवढी इमारतीवर होती.

तेव्हा प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहा. भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याच्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे की जुन्या कागदाची चौकट करून भिंतीवर लावली आहे? बी.एस्सी.साठी संस्थेचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय असावे लागते. तेथे सकाळी नऊ वाजता जाऊन खाटांवर माणसे आहेत का, ते मोजा. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हवी. वर्गातल्या मुलींना गाठून त्यांना शिकविणाऱ्या बाईंची नावे विचारा. नावे सांगता आली नाहीत, तर चहासुद्धा न घेता परत या. आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेकडे 'जमा' ठेवू नका. ती दाखवावयाची असतात, ठेवावयाची नसतात. पुढे नोकरी सोडावयाची झाली, की ही प्रमाणपत्रे बेडीसारखी पायात पडतात.

प्रवेश मिळाला. आता पहिले वर्ष. आमच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या दोन महिन्यांत रडतात, याचे कारण रक्त नव्हे, इंग्रजी. शरीररचनेचे पुस्तक हजार पानांचे, त्यातील प्रत्येक शब्द लॅटिनवळणाचा. यावर माझ्या भाचीने काढलेला उपाय मला पसंत पडला. ती शब्द तोडून लिहीत असे. शेवटी 'आयटिस' आले म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणे, आरंभी 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे अधिक. असे दीडदोनशे तुकडे पाठ झाले, की हजारो शब्द आपोआप उलगडतात. आणि एक शब्द तर तुम्हांला भोपाळच्या वॉर्डात शिकावा लागेल, तो कोणत्याच पुस्तकात नाही: रुग्ण आपले दुखणे ज्या बोलीत सांगतो ती बोली. म्हातारी बुंदेली बोलते, नवाबी वळणाची एखादी आजी उर्दू, मजूर बाई माळवी. 'जी घबरा रहा है' या तीन-चार शब्दांत मळमळ असते, छातीतली धडधड असते आणि निव्वळ भीतीही असते. कोणते ते विचारून घ्यावे लागते.

वॉर्डात पाऊल टाकल्यावर पहिल्या दिवशी दारे पाहा. हे मी विनोदाने म्हणत नाही. बाहेर जाण्याचे दुसरे दार कोठे आहे, त्याला कुलूप असते का, किल्ली कोणाजवळ असते, प्राणवायूचा नळ बंद करण्याची कळ कोठे आहे, अग्निशामक नळकांडे कोठे टांगले आहे, हे पाहून ठेवा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला आमच्या भोपाळच्या कमला नेहरू रुग्णालयात अर्भकांच्याच कक्षात आग लागली आणि तेथेही बाळे दगावली. उलट मुंबईच्या कामा रुग्णालयातील अंजली कुलथे यांचे उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आवारात शिरल्यावर त्यांनी वीस गरोदर स्त्रियांना एका लहानशा आतल्या खोलीत नेले, दारे लावली, दिवे मालविले. धैर्य तर होतेच. पण कोणती खोली, कोणते दार, कोणता दिवा, हे त्यांना शोधावे लागले नाही.

हात धुण्याविषयी तुम्हांला पहिल्याच आठवड्यात शिकवितील, आणि दुसऱ्या महिन्यात तुमच्या पुढच्या वर्गातल्या मुली ते न धुता काम कसे उरकावे, तेही शिकवितील. व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली हे दाखवून दिले, की वैद्यांनी हात क्लोरीनच्या पाण्याने धुतले तर बाळंतिणी मरावयाच्या थांबतात. लोकांना ते पटावयास पुढे कित्येक वर्षे लागली, आणि अजूनही पुरते पटलेले दिसत नाही. साबणाने पाऊण मिनिट. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका; सुया त्याच प्रयत्नात बोटात शिरतात. सुई टोचलीच, तर बोट पिळू नका, साबणपाण्याने धुवा आणि तत्काळ वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीविरुद्धची औषधे शक्य तर दोन तासांत, आणि फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात, ती अठ्ठावीस दिवस घ्यावयाची. लाजेने दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे. काविळीच्या 'बी' प्रकारावरील लसीचे तिन्ही डोस वॉर्डात जाण्यापूर्वी घ्या. संस्था देत नसेल तर मागून घ्या.

चूक होणार, हे आधीच मान्य करा. माझ्या आत्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी, नाइट ड्यूटीवर, एका रुग्णाची रक्तदाबाची गोळी शेजारच्या खाटेवरील सारख्याच नावाच्या माणसाला दिली. पाच मिनिटांत तिच्या ध्यानात आले. ती सरळ डॉक्टरांकडे गेली, इनचार्ज सिस्टरना सांगितले, रात्रभर दर पंधरा मिनिटांनी त्या माणसाचा रक्तदाब घेऊन लिहून ठेवला. माणूस सुखरूप राहिला. सकाळी तिला सर्वांदेखत असे काही बोलून घ्यावे लागले, की ती आठ दिवस जेवली नाही, आणि त्या रुग्णालयाने तिची पगारवाढही रोखली. ही वागणूक मला आजही अन्यायाची वाटते. खरे सांगणाऱ्याला शिक्षा केली, की पुढचा माणूस लपवितो. परंतु मी आत्याला विचारले, "पुन्हा तसे झाले असते, तर?" ती म्हणाली, "पुन्हा सांगितले असते. गप्प राहून मला झोप आली नसती." त्या दिवसापासून ती खाटेचा क्रमांक पाहून औषध देत नसे; नाव विचारी, वडिलांचे नाव विचारी, आणि मनगटावरची पट्टी वाची. विचारण्याची लाज धरू नका. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही, तर अंदाज करू नका; रात्री दोन वाजता झोपेतून उठवावे लागले तरी उठवा. ते चिडतील. चिडू द्या.

आणि लिहा. जे केले ते वेळेसह लिहा. जे केले नाही ते केल्याचे कधीही लिहू नका. ड्यूटी संपताना चार्ज देतो, तेव्हा 'सर्व ठीक आहे' हे वाक्य चार्ज नव्हे. कोणाला ताप चढत आहे, कोणाला सकाळपासून लघवी झाली नाही, कोणाच्या मुलाने रक्त आणावयाचे कबूल केले आणि तो अजून आला नाही, हे चार्ज.

परिचर्या म्हणजे नेमके काय, असे मला कोणी विचारले, तर मी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाकडे बोट दाखविते. अरुणा शानबाग तेथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, आणि त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिढ्या बदलल्या, ज्यांनी त्यांना चालताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनी ते काम हाती घेतले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला शय्याव्रण झाला नाही, हे सर्वांनी नोंदविले आहे. शय्याव्रण काय असतो, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच याचा अर्थ कळेल. हाडावर सतत दाब राहिला, की तेथले रक्त थांबते, कातडी काळी पडते, फुटते, आणि आत हाडापर्यंत खड्डा पडतो. त्यावर मलमांपेक्षा मोठा उपाय एकच: दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, चादरीची चुणी काढणे, पोटात पुरेसे अन्न घालणे. बेचाळीस वर्षे दर दोन तासांनी. यात छायाचित्र काढण्यासारखे काही नाही.

त्याच घटनेची दुसरी बाजूही मुलींनो, विसरू नका. त्या कपडे बदलण्यासाठी तळघरातल्या एका खोलीत गेल्या होत्या. नोकरीला जाल तेथे कपडे बदलण्याची खोली कोठे आहे, तिला आतून कडी आहे का, रात्री घरी पोहोचविण्याची सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. यात भित्रेपणा नाही. नसेल तर चौघीजणी मिळून लेखी मागा. एकटीने तोंडी मागितलेले कोणाच्या स्मरणात राहत नाही.

भोपाळचे नाव घेतले की जगाला एकच रात्र आठवते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला, आणि हमीदिया रुग्णालयाकडे माणसांची रीघ लागली. डोळे मिटलेले, तोंडाला फेस, श्वास लागलेला. कोणता वायू, त्यावर उतारा काय, हे तेथे कोणालाच माहीत नव्हते. रोगाचे नाव ठाऊक नसताना काय करता येते? डोळे पाण्याने धुता येतात, त्यांत थेंब घालता येतात, माणसाला टेकून बसविता येते, प्राणवायू लावता येतो, कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरविता येते, आणि बरोबर कोणी नसलेल्या मुलाच्या अंगावर काही खूण बांधून ठेवता येते. निदान होण्यापूर्वीचे हे सारे काम परिचर्येच्या मुळाक्षरांचे आहे. पहिल्या वर्षी ते कंटाळवाणे वाटते: श्वास मोजा, नाडी मोजा, लिहा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारांनी गुणू नका. या शहरात फुप्फुसे अधू झालेली माणसे त्या रात्रीनंतर दशके उलटली तरी दवाखान्यांच्या पायऱ्या चढत आहेत. त्यांच्या बाबतीत दोन श्वासांचा फरकही पुष्कळ काही सांगतो.

आता पैशाविषयी. हा विषय काढला, की समोरची मंडळी 'सेवा' हा शब्द उच्चारतात. सेवा हा शब्द मलाही प्रिय आहे. ज्या जोगिणींमुळे परिचारिकेला 'सिस्टर' हे संबोधन मिळाले, त्यांच्याच शाळेत मी शिकले. परंतु व्रत घेतलेली जोगीण निराळी. तिचा मठ तिला जेवू घालतो, म्हातारपणी सांभाळतो. तुम्हांला घरभाडे भरावयाचे आहे. २२ मार्च २०२० रोजी आम्ही सर्वांनी गच्चीवर उभे राहून परिचारिकांसाठी थाळ्या वाजविल्या, मीही वाजविली. त्याच मोसमात माझ्या भाचीला दोन महिने पगार मिळाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली, की पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेचे वेतन २०,००० रुपयांहून कमी असू नये, आणि दोनशेंहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी परिचारिकेइतके असावे. हा आकडा पाठ करून मुलाखतीला जा. मिळेलच असे नाही, परंतु समोरच्याला कळेल, की तुम्हांला तो ठाऊक आहे. तसेच सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका, हे सरकारी मापन आहे. तुमच्या वाट्याला तीस येतील. तेव्हा सगळ्यांचे सगळे करावयास जाऊ नका. प्रथम सर्व खाटांवरून एक फेरी मारा, ज्याचा श्वास, रंग किंवा शुद्ध बिघडली आहे त्याच्यापासून आरंभ करा, आणि जे राहून गेले ते राहिले म्हणून लिहा.

शरीर सांभाळा. रुग्णाला एकटीने उचलू नका. खाट उंच करता येत असेल तर करा, गुडघे वाकवा, कमर वाकवू नका, खालच्या चादरीसकट दोघींनी सरकवा. माझ्या मावशीची कमर पंचेचाळिशीत गेली, ती अशीच एका भल्या मोठ्या गृहस्थांना सावरताना. रात्रपाळीहून आल्यावर खिडक्यांना जाड पडदे लावून झोपा. आणि घरातल्या मंडळींना हे पटविणे लग्नापूर्वीच करून ठेवा. सून सकाळी नऊ वाजता झोपते, हे पुष्कळ सासूबाईंच्या पचनी पडत नाही. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवांना आणि गरीब घरच्या बायकांना परिचर्येच्या शिक्षणाला पाठविले, तेव्हा समाज नाक मुरडीत होता. आता तो नाक मुरडीत नाही; आता लग्न जुळविताना पगार विचारतो आणि पाळ्यांवरून कुरकुरतो.

पहिला मृत्यू तुम्हांला रडवील. रडा, पण पडद्याआड जाऊन, आणि आधी नातेवाईकांना बसावयास खुर्ची देऊन. पंधराव्या मृत्यूलाही काहीच वाटले नाही, तर घाबरू नका. ते थकव्याने होते. मात्र महिनोन्महिने काहीच वाटेनासे झाले, झोप उडाली, रुग्णावर हात उगारावासा वाटू लागला, तर रजा घ्या आणि कोणाशी तरी बोला.

गेल्या जूनमध्ये अशीच एक मुलगी आली होती. वडील म्हणाले, मायाळू आहे. मी तिला गणित घातले: एक लिटर सलाइन, आठ तास, संच पंधरा थेंबांचा. तिने माझ्या टेबलावरच्या रद्दी कागदाच्या कोपऱ्यात काही आकडे मांडले आणि म्हणाली, "एकतीस. बाई, पाव थेंब उरतो, त्याचे काय करायचे?" मी वडिलांना सांगितले, उद्या सकाळी नऊला माझ्याबरोबर चला; दोन महाविद्यालयांच्या खाटा मोजून येऊ.